दाणा सुटला की नाही?

१९५५ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेंटारियाच्या आखातापासून आत, विरळ वस्तीच्या मुलखात मॅकआर्थर नदीकाठी जस्त आणि शिशाचा एक प्रचंड साठा सापडला. वीस कोटी टनांहून जास्त खडक, त्यात नऊ टक्क्यांच्या आसपास जस्त, चार टक्के शिसे आणि वर चांदी. शोधणाऱ्यांनी हौसेने त्याचे नाव ठेवले ‘हिअर्स युअर चान्स’, म्हणजे ‘ही घ्या संधी’. पुढे एचवायसी या आद्याक्षरांनीच तो ओळखला जाऊ लागला. खाण सुरू व्हायला मात्र १९९५ साल उजाडले. मधल्या चाळीस वर्षांत भोके पाडून नमुने काढले गेले, प्रयोगशाळांत चाचण्या झाल्या, प्रायोगिक संयंत्रे चालवून पाहिली गेली, आणि दर वेळी हिशेब तोट्याचाच निघाला.

धातू मुबलक होता आणि फार खोलही नव्हता. घोडे अडले होते ते दाण्याच्या आकारापाशी. सुमारे एकशे चौसष्ट कोटी वर्षांपूर्वी पाण्याखालच्या चिखलात इथली खनिजे थराथरांनी साचली. जस्ताचे स्फॅलेराइट, शिशाचे गॅलेना, लोह आणि गंधक यांचे पायराइट, आणि त्यांच्याबरोबर सिलिका. पुढे या खडकाला फारशी उष्णता लागली नाही, फारसा दाब सोसावा लागला नाही, त्यामुळे स्फटिकांना वाढायला वावच मिळाला नाही. एकेक दाणा काही मायक्रॉनांचा राहिला आणि शेजारच्या दाण्यांत गुंतून बसला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या धातुकातून विकण्याजोगा माल काढायचा, तर त्यातला ८० टक्के भाग ७ मायक्रॉनांखाली जाईल इतका तो बारीक दळावा लागणार होता. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण तेवढीच असते.

असा आकडा कुणी अंदाजाने ठरवत नाही. तो मोजावा लागतो. खडक फोडल्यावर, भरडल्यावर, दळल्यावर हव्या त्या खनिजाचे किती दाणे शेजाऱ्यापासून सुटले आणि किती अजून जखडलेले आहेत, याची ही मोजणी. धातुशोधनाच्या शास्त्रात तिला खनिजमुक्तीचे मापन म्हणतात. खाणीचे नफा-तोटे, विजेची बिले, टाकाऊ गाळाचे डोंगर आणि त्या डोंगरांतून वाया जाणारा धातू, या सगळ्याचा उगम या मोजणीत असतो. तरी खाणींविषयी बोलताना तिचा उल्लेख क्वचितच होतो.

धातुकातून धातू मिळवताना पहिली पायरी असते वेगळे करण्याची. तांबे, शिसे, जस्त यांच्या बाबतीत हे काम बहुतेक ठिकाणी फ्लोटेशनने होते. दळलेला खडक पाण्यात कालवायचा, त्यात झँथेटसारखी रसायने घालायची आणि खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. हवे ते खनिज बुडबुड्याला चिकटून फेसाबरोबर वर येते आणि नको ते पाण्याबरोबर खालून निघून जाते. वरच्या मालाला कॉन्सन्ट्रेट म्हणतात, खालच्याला टेलिंग. लोहखनिजाला चुंबक किंवा वजनाचा फरक उपयोगी पडतो. पद्धत कोणतीही असो, यंत्र निवड करते ती कणांची. कणाच्या आत शिरून त्यातले गॅलेना इकडे आणि गारगोटी तिकडे करणे कुठल्याच यंत्राला जमत नाही. अर्धा गॅलेना आणि अर्धी गारगोटी असा जोडकण वर गेला तर कॉन्सन्ट्रेट भेसळीचे होते, खाली गेला तर शिसे वाया जाते.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट गणितात मांडला अंत्वान गोदँ यांनी. जन्म स्मर्नाचा, वंश फ्रेंच, आयुष्य गेले अमेरिकेत, एमआयटीमध्ये शिकवण्यात. १९३९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी एक सोपी कल्पना वापरली. खनिजाचे दाणे घनाकृती धरा, आणि दळल्यावर होणारे कणही लहान घनाकृती धरा. दाण्याची बाजू कणाच्या बाजूच्या दुप्पट असेल, तर त्या खनिजाचा फक्त आठवा भाग पूर्णपणे सुटा होतो. बाकीचा सगळा जोडकणांत अडकून राहतो. कण दाण्याच्या एकदशांश केला, तरी सुटे होते सुमारे ७३ टक्केच. म्हणजे दाणा १०० मायक्रॉनांचा आहे म्हणून १०० मायक्रॉनांपर्यंत दळले की काम झाले, ही समजूत साफ चुकीची ठरली.

खरा खडक गोदँच्या घनांसारखा वागत नाही, हे खुद्द गोदँनाही ठाऊक होते. काही खडक दाण्यांच्या सीमारेषेवरच तडकतात आणि दाणा सबंध बाहेर पडतो. मग फार बारीक दळायची गरजच उरत नाही. काही खडक सीमेची पर्वा न करता कुठेही फुटतात. कोणता खडक कसा फुटेल हे पुस्तकावरून सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक खाणीचा माल स्वतंत्रपणे मोजावा लागतो. एकाच खाणीच्या दोन टोकांचा मालही वेगळा निघू शकतो.

‘मग सरसकट बारीक दळा की’ असे कुणालाही वाटेल. तिथे वीज आडवी येते. फ्रेड बाँड या अमेरिकी अभियंत्याने १९५२ मध्ये दिलेले सूत्र आजही कारखान्यांत वापरले जाते. मध्यम कठीण खडकासाठी त्याचा निर्देशांक १२ धरू. एक मिलिमीटरचा माल १०० मायक्रॉनांवर आणायला टनामागे सुमारे ८ युनिट वीज लागते. तोच माल २५ मायक्रॉनांवर न्यायचा तर सुमारे २० युनिट. दिवसाला हजार टन दळणाऱ्या लहानशा कारखान्यात हा फरक रोज बारा हजार युनिटांचा पडतो. हे सूत्र २५ मायक्रॉनांच्या खाली नेले की तेही अपुरे पडते, कारण तिथे पोलादी गोळ्यांनी दळणारी नेहमीची बॉल मिल विजेचा बहुतेक भाग नुसत्या उष्णतेत घालवते. खडक फोडणे आणि दळणे हे खाणउद्योगातल्या विजेच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आहे.

आणि जास्त दळण्याचे नुकसान फक्त विजेचे नसते. दहा मायक्रॉनांच्या खालचे कण इतके हलके असतात की बुडबुड्यावर आदळण्याइतका जोरच त्यांच्यात नसतो. पाण्याबरोबर बुडबुड्याला वळसा घालून ते पुढे निघून जातात. गॅलेनाचे तर दुहेरी दुर्दैव. ते मऊ असते, म्हणून लवकर पीठ होते. ते जडही असते, पाण्याच्या साडेसात पट. दळलेला माल चाळण्यासाठी लावलेले हायड्रोसायक्लोन जड कणाला जाडा कण समजते आणि पुन्हा गिरणीत धाडते. सुटलेला, तयार झालेला दाणा असा फेऱ्या मारत राहतो आणि शेवटी चिखल होऊन टेलिंगमध्ये जातो. त्याच वेळी गारगोटीत अडकलेला दुसरा दाणा अपुरे दळण झाल्यामुळे त्याच टेलिंगमध्ये जात असतो. रासायनिक पृथक्करणात दोन्हींचा आकडा एकच दिसतो, ‘टेलिंगमध्ये इतके टक्के शिसे’. रोग मात्र उलट आहेत आणि औषधेही उलट. एकाला अजून दळायला हवे होते, दुसऱ्याला कमी. हा फरक रसायनशाळा सांगू शकत नाही. तो कणाकडे बघूनच कळतो.

बघण्याची रीत अशी. माल आधी चाळण्यांच्या उतरंडीतून काढतात. १०६ मायक्रॉन, ७५, ५३, ३८, अशा त्या चाळण्या असतात, आणि प्रत्येक चाळणीवरचा माल वेगळा ठेवतात. एकत्र मालाची मोजणी फारशी कामाची नसते, कारण जाड्या कणांतले जोड आणि बारीक कणांतली मुक्ती एकमेकांत मिसळून एक गुळमुळीत सरासरी हाती येते. मग प्रत्येक आकाराचा ग्रॅम-दोन ग्रॅम माल इपॉक्सी रेझिनमध्ये कालवून रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, तीन सेंटिमीटर व्यासाची वडी ओततात. ती कठीण झाली की घासायला घेतात. आधी जाडी घासणी, मग हिऱ्याच्या भुकटीने अधिकाधिक बारीक, शेवटी एक मायक्रॉनच्या भुकटीने आरशासारखी चकाकी येईपर्यंत.

या वडीत जे बिघडते ते पुढे कुठल्याही यंत्राने सुधारत नाही. रेझिन घट्ट होण्याआधी जड कण तळाशी बसतात. तळाचा पृष्ठभाग घासला तर गॅलेना भरपूर दिसते, वरचा घासला तर गारगोटीच. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ वडी उभी कापतात, ते काप फिरवून पुन्हा रेझिनमध्ये बसवतात आणि वरपासून खालपर्यंतचा छेद डोळ्यांपुढे आणतात. कण एकमेकांना चिकटून बसले तर दोन सुटे कण एक जोडकण म्हणून मोजले जातात. ते टाळण्यासाठी ग्राफाइटची पूड मिसळून कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. मऊ खनिज घासताना खोल जाते आणि कठीण खनिज उंच राहते, मग कडा धूसर दिसतात. लाखो-कोटींचे यंत्र या घासणाऱ्या हातांवर अवलंबून असते, आणि प्रयोगशाळांच्या अहवालांत त्या हातांना जागा मिळत नाही, हे बरे नव्हे.

वडीवर कार्बनचा पातळ थर चढवून ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवली की खरी गंमत सुरू होते. इलेक्ट्रॉनांचा झोत कणांवर पडतो, आणि ज्या खनिजाचा सरासरी अणुक्रमांक जास्त त्यावरून जास्त इलेक्ट्रॉन परततात. म्हणून ते अधिक उजळ दिसते. गारगोटीची सरासरी ११ च्या आसपास, पायराइटची २० च्या पुढे, स्फॅलेराइटची २५, आणि गॅलेनाची थेट ७३. काळ्या रेझिनवर गडद राखी गारगोटी, त्यात मध्यम राखी पायराइट आणि मध्येच लखलखणारे गॅलेना. शंका आली तर त्या बिंदूवरून निघणारे क्ष-किरण तपासून तिथे कोणती मूलद्रव्ये आहेत ते यंत्र ठरवते. काही तासांत हजारो कणांचा नकाशा तयार होतो. कोणत्या कणात काय, किती क्षेत्रफळाचे, कोण कोणाला लागून, आणि कणाच्या परिघावर कोण किती उघडे.

शेवटची नोंद फार मोलाची असते. फ्लोटेशनच्या बुडबुड्याला कणाच्या पोटात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते, त्याला बाहेर काय उघडे आहे तेवढेच कळते. सोने काढणाऱ्या सायनाइडचेही तसेच. सोन्याचा कण पायराइटमध्ये पूर्ण बुडालेला असेल तर सायनाइड त्याला शिवतही नाही, पण एक कोपरा जरी उघडा असेल तरी द्रावण आत शिरू लागते. चुंबक आणि जड-हलके वेगळे करणारी यंत्रे मात्र सबंध कणाचे घटक पाहतात. त्यामुळे ‘किती सुटले’ या प्रश्नाचे उत्तर पुढे कोणते यंत्र बसवायचे आहे त्यावर बदलते. एकच आकडा सगळीकडे लावणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

ही यंत्रे येण्याआधी सारे काम डोळ्यांनी चालायचे, आणि त्यालाही चांगली परंपरा आहे. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देलेस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले होते की खडकाच्या सपाट छेदात एखाद्या खनिजाने व्यापलेल्या क्षेत्रफळाचे प्रमाण हेच सबंध खडकातल्या त्याच्या आकारमानाचे प्रमाण असते. १८९८ मध्ये ऑस्ट्रियाच्या रोझिवाल यांनी तेच काम रेषा ओढून केले, तर १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात ग्लागोलेव्ह यांनी बिंदू मोजून. त्यानंतर कित्येक दशके जगभरचे खनिजशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हजारो बिंदू मोजत बसले. हे मोजणे यंत्राच्या हाती देण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत सुरू झाला. त्यातून क्यूईएमसेम आणि पुढे क्यूईएमस्कॅन ही यंत्रणा आली. दुसरी यंत्रणा, एमएलए, ब्रिस्बेनमध्ये क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ज्युलियस क्रुटश्निट केंद्रात १९९० च्या दशकाअखेरीस यिंग गू यांच्या पुढाकाराने घडली. २००९ मध्ये एफईआय या अमेरिकी कंपनीने दोन्ही विकत घेतल्या आणि एकमेकींच्या प्रतिस्पर्धी एका छपराखाली आल्या.

मात्र देलेस यांचा नियम प्रमाणापुरता खरा आहे. मुक्तीच्या मोजणीत तो दगा देतो, आणि हा या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न. एकच बेदाणा घातलेला बेसनाचा लाडू सुरीने कापला आणि बेदाणा कापात आला नाही, तर बघणाऱ्याला तो निव्वळ बेसनाचाच वाटेल. वडीच्या घासलेल्या पृष्ठभागावर असेच होते. गॅलेना आणि गारगोटी यांचा जोडकण जर गॅलेनाच्या बाजूनेच छेदला गेला, तर सूक्ष्मदर्शक त्याला सुटा म्हणून मोजतो. उलट कधी होत नाही. खरोखर सुटा असलेला कण कुठूनही छेदा, तो सुटाच दिसणार. म्हणजे चूक दोन्ही दिशांना होऊन एकमेकींना खोडून काढत नाही, तर एकाच बाजूला साचत जाते. सपाट छेदावरची मोजणी मुक्ती नेहमी आहे त्याहून जास्त दाखवते. जोडकणांचे पोत जितके साधे, म्हणजे एका बाजूला एक खनिज आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, तितकी चूक मोठी. खनिजे एकमेकांत बारीक विखुरलेली असतील तर ती कमी, कारण मग कुठूनही छेद घेतला तरी दोन्ही दिसतात.

या चुकीवर गणिताने मात करण्यासाठी मोठमोठ्या माणसांनी आयुष्ये घातली. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत युटा विद्यापीठात गेलेले आर. पी. किंग आणि कॅनडात लाव्हाल विद्यापीठातले जिल बार्बेरी ही त्यांतली ठळक नावे. किंग आणि क्लाउडिओ श्नायडर यांनी १९९० च्या दशकात दिलेली दुरुस्तीची पद्धत आजही संदर्भाला घेतली जाते. त्याच युटा विद्यापीठात यान मिलर आणि सी. एल. लिन यांनी दुसरी वाट धरली. कण कापण्याऐवजी क्ष-किरणांनी त्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करायचे आणि त्रिमितीतच मोजायचे. छेदच नाही, त्यामुळे छेदाची चूकही नाही. पण या स्कॅनला काही मायक्रॉनांच्या खालचे नीट दिसत नाही, आणि घनता जवळजवळ सारखी असलेली खनिजे त्याला ओळखू येत नाहीत. मॅकआर्थर नदीच्या धातुकासारख्या मालापुढे ते हात टेकते. जुनी एक उलटतपासणीही आहे. कण जड द्रवात टाकायचे आणि तरंगणारे, बुडणारे वेगळे करून त्यांचे पृथक्करण करायचे. कणाची घनता त्याच्या सबंध घटकांवर ठरते, छेदावर नाही, म्हणून हे उत्तर प्रामाणिक असते. त्यातले काही द्रव मात्र जहाल विषारी. सर्वांत जड क्लेरिची द्रावणात थॅलियम असते.

माउंट आयझा या खाणीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण क्रुटश्निट केंद्राला ज्यांचे नाव मिळाले ते ज्युलियस क्रुटश्निट याच खाणकंपनीचे अध्यक्ष होते, आणि मॅकआर्थर नदीचा साठाही पुढे याच कंपनीने उघडला. क्वीन्सलंडमधली ही खाण १९२३ मध्ये जॉन कँबेल माइल्स यांना सापडलेल्या धातुकातून उभी राहिली. खाण खोल आणि दूर जात गेली तसतसा माल बारीक दाण्याचा होत गेला. १९८० च्या दशकात जस्ताची वसुली घसरत निघाली. खनिजांच्या तपासणीतून कारण उघड होते. स्फॅलेराइट सुटत नव्हते, जोडकणांत अडकून वाया जात होते. बॉल मिलने आणखी बारीक दळायचे तर वीज परवडत नव्हती. शिवाय पोलादी गोळ्यांचे लोह पाण्यात उतरून कणांच्या पृष्ठभागावर बसत होते आणि बुडबुडे चिकटेनासे होत होते.

कंपनीच्या अभियंत्यांनी मग खाणउद्योगाबाहेर नजर टाकली. शाई, रंगद्रव्ये, औषधे यांच्या कारखान्यांत काही मायक्रॉनांपर्यंत दळणाऱ्या गिरण्या होत्या. त्या लहान, महाग दळणगोळ्यांच्या, आणि तासाला काही किलो माल काढणाऱ्या. जर्मनीच्या नेच या कंपनीबरोबर काम करून माउंट आयझाने त्यांचे खाणीला झेपेल असे रूप घडवले. आडवे पिंप, आत वेगाने फिरणाऱ्या तबकड्या, आणि महागड्या गोळ्यांऐवजी साधी वाळू किंवा स्वतःच्या भट्टीतल्या मळीचे दाणे. पहिली मोठी गिरणी १९९४ मध्ये माउंट आयझातच बसली. तिला आयझामिल म्हणतात. पुढच्याच वर्षी तिच्या जोरावर मॅकआर्थर नदीची खाण सुरू झाली.

त्या ७ मायक्रॉनांतली एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. इतके दळूनही जस्ताचे आणि शिशाचे खनिज एकमेकांपासून पुरते सुटत नव्हतेच. सुटत होते ते सिलिकापासून. म्हणून खाणीने जस्त-शिशाचे मिश्र कॉन्सन्ट्रेट विकायला काढले, कारण दोन्ही धातू एकत्र वितळवणाऱ्या भट्ट्या तेव्हा जगात होत्या. कशापासून सुटका हवी आणि किती पुरेशी आहे, हे मोजून ठरवल्यामुळे हा मार्ग निघाला. सगळे सगळ्यापासून सोडवण्याचा हट्ट धरला असता तर खाण आणखी कितीतरी वर्षे बंदच राहिली असती. ती उघडल्याची किंमतही लहान नव्हती. पुढे उघड्या खाणीसाठी मॅकआर्थर नदीचे पात्र साडेपाच किलोमीटर वळवले गेले, आणि तिथल्या आदिवासी समाजांनी त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला. तंत्रज्ञानाच्या यशाची ही बाजू सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

आपल्याकडेही या विषयाला जुना धागा आहे, आणि तो नागपूरच्या परिसरातून जातो. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातल्या मँगनीजवर लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. इथल्या खडकांत त्यांना अनेक नवी खनिजे दिसली. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या एका काळ्या, चुंबकीय खनिजाला त्यांनी आपल्या सहकाऱ्यावरून व्रेडेनबर्गाइट नाव दिले. पुढे परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले की ते एक खनिज नाहीच. ती हॉसमनाइट आणि जेकबसाइट या दोन खनिजांची पट्ट्यापट्ट्यांची बारीक वीण आहे. एकात मँगनीज भरपूर, दुसऱ्यात लोह. नुसत्या डोळ्याला, भिंगाला आणि रासायनिक पृथक्करणालाही तो एकसंध दाणा वाटला होता.

मँगनीज धातुकाचा भाव मँगनीज आणि लोह यांच्या गुणोत्तरावर हलतो, म्हणून ही वीण शास्त्राच्या पुस्तकापुरती राहत नाही. लोह जर वेगळ्या हेमॅटाइटच्या दाण्यांत असेल, तर दळून ते सोडवता येते. ते जेकबसाइटच्या पट्टीत असेल तर पट्टीच्या जाडीवर सारे ठरते. आणि ते जर बिक्सबाइटसारख्या खनिजाच्या स्फटिकातच मँगनीजच्या जागी बसलेले असेल, तर कितीही दळले तरी सुटणार नाही. तिन्ही धातुकांचे पृथक्करण सारखेच येऊ शकते. फॉस्फरसचीही गत हीच. तो अ‍ॅपेटाइटच्या दाण्यांत असेल तर काढता येतो, मँगनीजच्या ऑक्साइडात मुरलेला असेल तर दळून निघत नाही.

गोव्यातला प्रश्न लोहखनिजाचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत कमी प्रतीच्या मालाचे ढीग आणि गाळाचे तलाव साचलेले होते. ते धुऊन, दळून विकता येतील का, ही चर्चा तेव्हापासून चालू आहे. इथे मोजणीशिवाय बोलणे धोक्याचे आहे. पट्टेदार क्वार्ट्‌झाइटमधले हेमॅटाइट गारगोटीपासून दळून सोडवता येते, प्रश्न किती बारीक दळायचे एवढाच. गाळातल्या गोएथाइटमध्ये मात्र अ‍ॅल्युमिना अनेकदा मातीच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात मिसळलेला असतो किंवा स्फटिकातच बसलेला असतो. तो दळून सुटत नाही, उलट गाळ अधिक चिकट होतो आणि तो साठवायला आणखी मोठा तलाव लागतो. एकाच ढिगात दोन्ही प्रकार असतात.

लोहखनिज मोजताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचीही परीक्षा होते. हेमॅटाइटचा सरासरी अणुक्रमांक २०.६, मॅग्नेटाइटचा २१. दोघांची उजळी इतकी जवळची की यंत्र सहज गोंधळते, आणि दोघांतही लोह आणि ऑक्सिजनच असल्याने क्ष-किरणही फारशी मदत करत नाहीत. साध्या परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अनुभवी डोळ्याला हेमॅटाइट पांढरट उजळ, मॅग्नेटाइट तपकिरी झाकेचे राखी आणि गोएथाइट गडद राखी असे वेगवेगळे दिसतात. महागडे यंत्र आले म्हणून जुना सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकणाऱ्या प्रयोगशाळेने गोव्याचा किंवा गडचिरोलीतल्या सुरजागडचा माल तपासायला घेऊ नये.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी-मालगुंड भागात, दळण्याचे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधून सुटलेले इल्मेनाइटचे काळे दाणे लाटांनी निवडून वाळूत आणून टाकले. बाहेरून प्रत्येक दाणा सुटा. पण घासून पाहिले की पुष्कळ दाण्यांच्या आत मॅग्नेटाइटची वीण निघते. वाळू सुटी आहे म्हणून खनिजही सुटे आहे, असे धरून चालता येत नाही.

महाराष्ट्राजवळ या कामासाठी जागा आणि माणसे दोन्ही आहेत. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपूरला आहे, हिंगण्याला त्याची धातुशोधन प्रयोगशाळा आणि प्रायोगिक संयंत्र आहे, आणि मॉयलसारखी मँगनीज काढणारी सरकारी कंपनीही नागपूरचीच. एका नमुन्याच्या संपूर्ण मोजणीचा खर्च कारखान्याच्या विजेच्या वर्षभराच्या बिलापुढे किरकोळ असतो. ही मोजणी न करता उभारलेल्या गिरण्या पुढची वीस वर्षे एक तर जास्त दळत राहतात किंवा कमी, आणि दोन्हींचा भुर्दंड टेलिंगच्या तलावाशेजारी राहणाऱ्या गावालाही बसतो.

२०१५ पासून देशात खाणपट्टे लिलावाने दिले जातात. त्या कागदपत्रांत धातूची टक्केवारी आणि साठ्याचे टन ठळक अक्षरांत असतात. त्यांच्याशेजारी तेवढ्याच ठळकपणे आणखी चार गोष्टी छापल्या जाव्यात. किती मायक्रॉनांवर किती टक्के दाणे सुटतात, कशापासून सुटतात, मोजणी प्रकाशाने केली की इलेक्ट्रॉनने, आणि सपाट छेदाची चूक दुरुस्त केली आहे की नाही. याची सुरुवात गोव्यातल्या ढिगांपासून व्हावी. ते ढीग उघड्यावर आहेत, नमुना घ्यायला भोकही पाडावे लागत नाही. गोवा सरकारने आणि खाण ब्यूरोने पुढचा ढीग विकायला काढण्यापूर्वी हे आकडे जाहीर करावेत.